सीए फर्मचं विलीनीकरण: पहिल्या बोलण्यांची तयारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही प्रश्नोत्तरं दोन ते दहा भागीदारांच्या सीए फर्मसाठी आहेत. अजून काहीच ठरलेलं नाही, कुणीतरी चहाच्या टेबलावर “एकत्र येऊ या का?” एवढंच म्हटलंय, अशा टप्प्यासाठी. करारनामा कसा लिहायचा हा पुढचा विषय. त्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत काय गोळा करायचं, काय उघड करायचं आणि काय मुळीच करायचं नाही, तेवढं इथे आहे.

बोलणी वर्षाच्या कोणत्या महिन्यात सुरू करावीत?

नोव्हेंबरमध्ये. 30 सप्टेंबरची टॅक्स ऑडिट आणि 31 ऑक्टोबरची रिटर्न हातावेगळी झाल्याशिवाय कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. मुदतवाढ मिळाली तर बैठकही तेवढीच पुढे ढकला. प्रत्यक्ष एकत्र येण्यासाठी 1 एप्रिल सोयीचा, कारण वर्ष मध्येच तोडलं की एका वर्षाचे दोन हिशेब होतात आणि टीडीएस दोन पॅनवर विखुरतो. एप्रिल गाठायचा असेल तर जानेवारीअखेर मुख्य मुद्दे कागदावर यायला हवेत. मार्चमध्ये अॅडव्हान्स टॅक्स आणि बँकांच्या शाखांची ऑडिट डोक्यावर असतात. तेव्हा केलेली सही घाईची असते. नाही जमलं तर सरळ पुढचा एप्रिल धरा.

समोरच्या फर्मला भेटण्याआधी आपल्या घरात काय ठरायला हवं?

प्रत्येक भागीदाराने वेगवेगळं बसून पाच उत्तरं लिहून आणावीत: एकत्र यायचं कशासाठी, दरमहा किमान किती रक्कम घरी न्यायलाच हवी, अजून किती वर्षं काम करणार, कोणतं काम दुसऱ्याच्या हाती देणार नाही, आणि कोणत्या गोष्टीवर उठून जाणार. मग ती एकत्र वाचा. एकाने “सात वर्षं” आणि दुसऱ्याने “दोन” लिहिलेलं असेल, तर ते समोरच्या फर्मसमोर पहिल्यांदा कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

सगळ्यांचा होकार ही नुसती रीत नव्हे. भारतीय भागीदारी कायदा, 1932 च्या कलम 31 नुसार, भागीदारीच्या डीडमध्ये (लेखी करारात) वेगळं ठरलेलं नसेल तर सर्व भागीदारांच्या संमतीशिवाय नवा भागीदार घेता येत नाही. म्हणजे दहा टक्के हिस्सा असलेला कनिष्ठ भागीदारही सगळं थांबवू शकतो. तेव्हा जुनं डीड कपाटातून काढाच. निवृत्ती, गुडविल (फर्मच्या नावलौकिकाची किंमत) आणि भांडवल परतफेड यांबद्दल त्यात एकही ओळ नसणं हे सर्रास आढळतं. भागीदारांची भांडवल खाती आणि उचल (फर्ममधून घरी नेलेले पैसे) यांचा मेळ लागत नसेल तर तोही आधी लावून घ्या. दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्यांच्या स्वतःच्या पुस्तकांत असा घोळ निघाला, तर समोरचा बोलत नाही, पण लक्षात ठेवतो.

बोलणी करायला दोघेच जावेत. एक ज्येष्ठ आणि एक असा, ज्याला पुढची वीस वर्षं या निर्णयासोबत काढायची आहेत.

गोपनीयतेचा करार केला की क्लायंटची यादी देता येते ना?

नाही. सर्वांत जास्त चूक इथेच होते. दोन फर्मनी आपसात केलेला करार त्या दोघांना बांधतो. क्लायंटने त्यावर सही केलेली नसते. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, 1949 च्या दुसऱ्या अनुसूचीतल्या पहिल्या भागाचं पहिलंच कलम सांगतं, की व्यावसायिक कामात मिळालेली माहिती क्लायंटच्या संमतीशिवाय किंवा कायद्याची गरज नसताना क्लायंटखेरीज कुणाला दिली तर तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. समोरची फर्मही सीएंचीच आहे म्हणून सूट मिळत नाही.

गोपनीयतेचा करार जरूर करा, पण तो तुमच्या स्वतःच्या आकड्यांसाठी: फी, पगार, नफा, भागीदारांची उचल. क्लायंटची माहिती सांकेतिक क्रमांकाने द्या.

ती सांकेतिक शीट नेमकी कशी बनवायची?

एका ओळीत एक क्लायंट, नावाच्या जागी “क-01”, “क-02”. पुढचे रकाने असे: कामाचा प्रकार (वैधानिक म्हणजे कायद्याने सक्तीचं ऑडिट, टॅक्स ऑडिट, जीएसटी, अंतर्गत ऑडिट, हिशेब लेखन, सल्ला), गेल्या तीन वर्षांची फी, वर्षनिहाय, त्यातली आवर्ती किती आणि एकदाच मिळालेली किती, बिलापासून पैसे येईपर्यंत लागणारे दिवस, काम सांभाळणारा भागीदार, क्लायंट किती वर्षांपासून आहे, आणि ऑडिट असेल तर मुदत कोणत्या वर्षी संपते.

उद्योग लिहिताना जपून. “सांगली जिल्हा, साखर कारखाना, ऑडिट फी इतकी” असं लिहिलं की सांकेतिक क्रमांकाला काही अर्थ उरत नाही. गावातल्या कुणालाही नाव कळेल. “कृषी प्रक्रिया” एवढं पुरे. क्रमांक आणि नावं जोडणारी मूळ यादी एकाच भागीदाराकडे, पासवर्ड लावून. शीटच्या गुणधर्मांत आणि लपवलेल्या रकान्यांत नावं राहतात, म्हणून एक्सेल पाठवू नका. पीडीएफ करा आणि ती उघडून तपासा. खालच्या टॅबमध्ये नावांसकट मूळ शीट तशीच गेल्याचे प्रकार होतात.

शेवटची एक बेरीज घाला: वरच्या पाच क्लायंटकडून एकूण फीच्या किती टक्के येतात. ती 40 टक्क्यांवर असेल तर पुढची सगळी चर्चा त्या पाचांभोवतीच फिरणार.

नावंच माहीत नसतील तर ऑडिटमधले हितसंबंधांचे संघर्ष कसे कळणार?

हा प्रश्न बरोबर आहे, आणि याचं उत्तर टप्प्याटप्प्याने आहे. पहिल्या दोन बैठकांत फक्त सार्वजनिक नोंदी वापरा. लिस्टेड कंपनीचा ऑडिटर तिच्या वार्षिक अहवालात छापलेला असतो. तो गुपित नाही. एवढ्यावरच बहुतेक मोठे संघर्ष सापडतात. उरलेल्यांसाठी, इरादा पक्का झाल्यावर, दोन्ही फर्मबाहेरच्या एखाद्या ज्येष्ठ सीएकडे किंवा वकिलाकडे दोन्ही याद्या द्याव्यात असा एक मार्ग सुचवला जातो. ती व्यक्तीही “क्लायंटखेरीज कुणी” असते, हे विसरू नका. त्यामुळे ज्यांची नावं सार्वजनिक नाहीत त्यांची आधी लेखी संमती.

शोधायचं काय, ते तीन भागांत.

पहिला भाग, कलम 144. कंपनी कायदा, 2013 नुसार वैधानिक ऑडिटरला त्याच कंपनीचं हिशेब लेखन, अंतर्गत ऑडिट, गुंतवणूक सल्ला, व्यवस्थापन सेवा अशी कामं करता येत नाहीत. तुम्ही एका कंपनीचे वैधानिक ऑडिटर आणि समोरची फर्म तिचंच अंतर्गत ऑडिट करते, असं असेल तर एकत्र आल्याच्या दिवशी एक काम सोडावं लागेल. कोणतं आणि त्या फीचा तोटा कुणाच्या खात्यात, हे आधीच ठरवा.

दुसरा भाग, भागीदारांच्या खासगी गुंतवणुकी. कलम 141(3) वाचताना बहुतेक जण स्वतःपुरतं वाचतात. ऑडिट करणाऱ्या फर्मच्या कोणत्याही भागीदाराकडे त्या कंपनीचा एक शेअरही चालत नाही. नातेवाइकाला दर्शनी मूल्याने 1 लाख रुपयांपर्यंत मुभा आहे. कर्जाची मर्यादा 5 लाख रुपये, आणि त्यात नातेवाईकही येतात. तुम्ही एका वित्त कंपनीचं ऑडिट करता आणि समोरच्या फर्ममधल्या भागीदाराच्या पत्नीने तिथूनच गाडीसाठी 8 लाखांचं कर्ज घेतलंय: विलीनीकरणाच्या क्षणी अख्खी एकत्र फर्म अपात्र, आणि कलम 141(4) नुसार पद सोडावं लागतं. म्हणून प्रत्येक भागीदाराचं डिमॅट स्टेटमेंट आणि घरच्यांच्या कर्जांची यादी आपापल्या फर्ममध्ये आधी तयार ठेवा. आजोबांच्या नावावरून आलेले पंधरा शेअर नेमके याच वेळी आठवत नाहीत.

तिसरा भाग, रोटेशन. सगळ्या लिस्टेड कंपन्या, 10 कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवलाच्या बिगर-लिस्टेड पब्लिक कंपन्या, 50 कोटी किंवा जास्त भांडवलाच्या प्रायव्हेट कंपन्या, आणि सार्वजनिक वित्तसंस्था, बँका वा ठेवीदार यांचं 50 कोटी किंवा जास्त कर्ज असलेल्या कंपन्या: इथे ऑडिट फर्मला पाच वर्षांच्या दोनच मुदती, मग पाच वर्षांची विश्रांती. एका फर्मने सोडलेलं काम दुसरीकडे येईल आणि मग दोघी एकत्र येऊ, अशी आखणी कुणी सुचवली तर तिथेच नाही म्हणा. कंपनीच्या हिशेबांवर सही करणारा प्रभारी भागीदार दुसऱ्या फर्ममध्ये गेला तर ती फर्मही पाच वर्षं अपात्र होते, असं ऑडिटर नियमांतच लिहिलंय.

कोणता फर्म रजिस्ट्रेशन नंबर (एफआरएन) ठेवायचा?

नाव कुणाचं यावर तासन् तास वाद होतात, पण पैसा एफआरएनमध्ये असतो. नेमणुका, पॅनलवरची (ऑडिट देणाऱ्या संस्थांच्या यादीवरची) नोंद, पीअर रिव्ह्यूचं (दुसऱ्या सीएने फर्मच्या कामाची केलेली तपासणी) सर्टिफिकेट, फर्मची ज्येष्ठता, सगळं त्याला बांधलेलं. जो नंबर बंद होणार, त्यावरच्या प्रत्येक कंपनी ऑडिटसाठी राजीनामा, 30 दिवसांत एडीटी-3 (राजीनामा कळवण्याचा फॉर्म), रिकाम्या जागेवर संचालक मंडळाची नेमणूक, तीन महिन्यांत सर्वसाधारण सभेची मंजुरी आणि नव्या ऑडिटरचं एडीटी-1 (नेमणूक कळवण्याचा फॉर्म), एवढी साखळी धरून चाला. कागदोपत्री मागच्या ऑडिटरला लेखी कळवण्याची औपचारिकताही आलीच, तो शेजारच्याच टेबलावर बसत असला तरी.

तेव्हा एक साधा तक्ता करा: दोन्ही एफआरएनसमोर कंपनी ऑडिट किती, त्यातल्या रोटेशनच्या कक्षेतल्या किती, पीअर रिव्ह्यू कधीपर्यंत वैध, स्थापना वर्ष, सहकार खात्याच्या आणि इतर पॅनलवरच्या नोंदी. ज्या बाजूला बदलाचे कागद जास्त निघतील तो नंबर राखा, मग नाव काहीही असो. नाव बदलून घेता येतं.

सीएंच्या इन्स्टिट्यूटच्या (आयसीएआय) विलीनीकरण-विभाजनाच्या नियमांत पाच वर्षांच्या आत वेगळं होऊन जुनी ओळख परत मिळवण्याची तरतूद राहिलेली आहे. जुन्या फर्मच्या उरलेल्या भागीदारांपैकी 75 टक्क्यांचा होकार ही तिची मुख्य अट. अर्जाचा नमुना भरण्याआधी चालू नियम वाचा, आणि आपल्या डीडमधली बाहेर पडायची कलमं त्याच्याशी जुळतात का ते बघा.

एकत्र आलो की मोठ्या सहकारी बँकेचं ऑडिट लगेच मिळेल?

या एकाच आशेवर निघालेल्या फर्म पुष्कळ. रिझर्व्ह बँकेच्या 27 एप्रिल 2021 च्या परिपत्रकाने व्यापारी बँका, नागरी सहकारी बँका आणि एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या) यांच्या ऑडिटर नेमणुकीचे निकष घातले: पूर्णवेळ भागीदार, त्यांतले एफसीए (इन्स्टिट्यूटचे फेलो सदस्य), माहिती प्रणाली ऑडिटची पात्रता असलेले, फर्मचा अनुभव, व्यावसायिक कर्मचारी. बेरीज केली की आकडे भरतात, म्हणून उत्साह येतो. पण त्यातच लिहिलंय की अनुभव मोजताना विलीनीकरणाचा परिणाम दोन वर्षांनंतर धरला जाईल. विभाजनाचा मात्र लगेच. शिवाय पूर्णवेळ भागीदार म्हणून मोजण्यासाठी फर्मशी किमान एक वर्षाचा सलग संबंध लागतो, आणि तो भागीदार दुसऱ्या कुठल्या फर्ममध्ये किंवा स्वतःच्या नावाने प्रॅक्टिस करत असेल तर तो मोजलाच जात नाही. म्हणजे पहिली दोन वर्षं या फीचा अंदाज शून्य धरा. शून्य धरूनही एकत्र यावंसं वाटत असेल तर पुढे जा.

नफ्याचं प्रमाण कशावर ठरवावं?

समजा, पुण्याची फर्म अ: चार भागीदार, आवर्ती फी 1 कोटी 80 लाख, नफा 68.4 लाख. सांगलीची फर्म ब: तीन भागीदार, आवर्ती फी 90 लाख, नफा 45 लाख (भाडं कमी, पगार कमी).

फीवर प्रमाण काढलं तर 67 आणि 33. नफ्यावर काढलं तर 60 आणि 40. आता अ कडे 30 लाख फीचं एक लिस्टेड ऑडिट आहे, ज्याची दुसरी मुदत पुढच्या वर्षी संपते. त्यावरचा थेट खर्च 12 लाख. ते 18 लाख वजा केले की अ चा टिकणारा नफा 50.4 लाख, आणि प्रमाण 53 आणि 47. त्याच दोन फर्म, तीन उत्तरं. अ पहिल्यावर अडून बसेल आणि ब तिसऱ्यावर.

आमचं मत: सुरुवातीच्या बोलण्यांत प्रमाण काढूच नका, आधी कोणता पाया मोजायचा ते ठरवा. टिकणारा नफा हा पाया सहसा न्याय्य. पहिली दोन वर्षं प्रत्येक भागीदाराला ठरलेलं मानधन, उरलेल्यावर तात्पुरतं प्रमाण, आणि तिसऱ्या वर्षी प्रत्यक्ष वसुली पाहून फेरमांडणी, हा मार्ग तुटण्यापासून वाचवतो. त्यात “वसुली” शब्द महत्त्वाचा. बिल फाडणं सोपं असतं.

नफ्याची तुलना करण्याआधी दोघांचे हिशेब एका पद्धतीवर आणा. एक रोखीवर (पैसे आले की उत्पन्न) आणि दुसरी उपार्जित पद्धतीवर (बिल निघालं की उत्पन्न) असेल तर मार्चमध्ये फाडलेली बिलं एकीकडे दिसतात, दुसरीकडे नाहीत. भागीदाराच्या मालकीच्या ऑफिसला भाडं लागत नसेल तर बाजारभावाचं भाडं धरा. पगारावरची भागीदाराची मुलगी आणि फर्मच्या खर्चातली घरची गाडी हेही बाहेर काढा.

जुनी येणी कुणाची?

ज्याची त्याची. 31 मार्चपर्यंतची बिलं जुन्या भागीदारांकडे राहू द्या; नव्या फर्मने ती वसूल करून द्यावीत, आणि आलेली रक्कम आधी जुन्या बाकीत जमा धरायची की नव्या बिलात, ते लिहून ठेवा. क्लायंटने 50 हजार पाठवले आणि कशासाठी ते सांगितलं नाही, तर पहिलं भांडण त्या 50 हजारांवर होतं. अर्धवट कामांचंही तसंच: मार्चअखेर 60 टक्के झालेल्या कामाचं बिल जूनमध्ये निघालं तर वाटणी कशी, याचं एक सूत्र पुरतं.

ज्येष्ठ भागीदाराच्या निवृत्तीचा विषय कधी काढावा?

दुसऱ्या बैठकीत, आणि ज्याचा विषय आहे त्यानेच काढावा. पासष्टीच्या भागीदाराला काय हवं असतं? बहुधा बसायला केबिन, नाव पाटीवर, आणि पाच वर्षं काही रक्कम. समोरच्या तरुण भागीदारांना हे बोजा वाटतं, कारण त्या रकमेचा आकडा कुणी सांगत नाही. सांगा. “तीन वर्षं, मी सांभाळलेल्या क्लायंटच्या प्रत्यक्ष वसुलीवर अमुक टक्के, क्लायंट सोडून गेला तर नाही” असं वाक्य टेबलावर आलं की त्यावर घासाघीस करता येते. फी-वाटपाला सदस्यत्वाच्या नियमांची चौकट आहे, त्यामुळे कुटुंबीयांना हिस्सा, जावयाला कमिशन असली कलमं मनातही आणू नका.

जुन्या चुका सांगायच्या का?

हो, तारखांसकट. शिस्तपालन समितीकडची तक्रार, एनफ्राची (ऑडिटवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण) किंवा पीअर रिव्ह्यूची प्रतिकूल टिपणी, क्लायंटने मागितलेली भरपाई, फर्मवरची आयकराची मागणी, यांची एका पानाची यादी दुसऱ्या बैठकीत द्या. क्लायंटचं नाव न घेता. भागीदारी कायद्याच्या कलम 31 प्रमाणे नवा भागीदार आधीच्या कृत्यांना जबाबदार नसतो, पण बदनामी कलम वाचून येत नाही. व्यावसायिक विमा पॉलिसी असेल तर ती दावा दाखल झाल्याच्या वर्षावर चालते का ते बघा. तशी असेल आणि जुनी फर्म बंद करून पॉलिसीही बंद केली, तर तीन वर्षांपूर्वीच्या ऑडिटवर पुढच्या वर्षी आलेला दावा उघड्यावर पडतो. जुन्या कामासाठी पुढची काही वर्षं संरक्षण वाढवायला किती हप्ता लागेल, ते विमा कंपनीला आत्ताच विचारा.

पॅन, जीएसटी आणि टीडीएसचं काय?

बंद होणाऱ्या फर्मचा पॅन जातो आणि त्याबरोबर जीएसटी क्रमांकही. शिल्लक जीएसटी क्रेडिट आयटीसी-02 फॉर्मने नव्या क्रमांकावर न्यायचं, मग जुना क्रमांक रद्द करायचा. क्रम उलटा झाला तर अडकतो. त्रास मात्र टीडीएस देतो. क्लायंटच्या अकाउंट्स विभागात व्हेंडर मास्टर कुणी बदलत नाही, आणि एप्रिलच्या बिलावर 10 टक्के टीडीएस जुन्या पॅनवर जमा होतो. नवा पॅन, जीएसटी क्रमांक आणि रद्द केलेला चेक यांसह पत्र मार्चमध्येच पाठवा. पहिल्या तिमाहीची टीडीएस रिटर्न 31 जुलैपर्यंत भरली जातात, तेव्हा ऑगस्टमध्ये दोन्ही पॅनचे 26एएस (जमा टीडीएसचा उतारा) शेजारी ठेवून बघा. तेव्हा दुरुस्ती करून मिळते. पुढच्या मार्चमध्ये क्लायंटचा अकाउंटंट फोन उचलत नाही.

एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करावी का?

एकाच वेळी दोन्ही नको. आधी एकत्र या, एक ताळेबंद काढा, मग रूपांतर. मोठ्या फर्ममध्ये अनोळखी भागीदारांच्या चुकांची अमर्याद जबाबदारी नको असेल तर एलएलपीचा मुद्दा खरा आहे.

स्टाफला आणि आर्टिकल्सना (सीएचं प्रशिक्षण घेणाऱ्या मुलांना) केव्हा सांगायचं?

इरादापत्रावर (एकत्र येण्याच्या इराद्याचं लेखी टिपण) सह्या झाल्यावर, दोन्ही ऑफिसमध्ये एकाच दिवशी. त्याआधी कुजबुज ऐकू आलीच तर खोटं बोलू नका. “बोलतोय, ठरलेलं नाही” एवढं पुरे. आर्टिकल मुलं फर्मकडे नव्हे, आपल्या प्रिन्सिपलकडे नोंदलेली असतात, त्यामुळे तोच प्रिन्सिपल राहणार असेल तर त्यांच्या कालावधीला धक्का नाही. प्रिन्सिपल निवृत्त होणार असेल तर मात्र त्या मुलांची यादी वेगळी काढा. दहा वर्षांपासूनचा सिनियर अकाउंटंट हा खरा धोका: निम्मे क्लायंट त्याच्याच मोबाइलवर फोन करतात. त्याला बाकीच्यांच्या आदल्या दिवशी, समोर बसवून सांगा.

थेट विलीनीकरणाऐवजी आधी नेटवर्क (वेगळ्या राहूनच एकमेकींशी जोडलेल्या फर्म) करून पाहिलं तर?

चांगला मार्ग, फक्त तो “मोकळा” नाही. इन्स्टिट्यूटकडे नोंदलेल्या नेटवर्कमधल्या फर्मनाही रोटेशनची बंधनं एकमेकींमुळे लागतात. वर्षभर दोन-तीन मोठी कामं एकत्र करून बघण्यासाठी नेटवर्क लागत नाही. त्यातूनच वर्किंग पेपर कोण कसे ठेवतं, क्लायंटचा फोन कोण उचलतं, बिल किती दिवसांत निघतं हे कळतं.

इरादापत्रात किती लिहायचं?

दोन पानं. प्रस्तावित तारीख, राखायचा एफआरएन, नफा मोजण्याचा पाया, जुन्या येण्यांचं सूत्र, निवृत्तीची चौकट, कोणती कामं सोडावी लागतील. गोपनीयता आणि “बोलणी चालू असताना आणि फिसकटल्यावर 18 महिने एकमेकांचा स्टाफ घ्यायचा नाही” ही दोनच कलमं बंधनकारक, बाकी इरादा. बोलणी थांबली तर आलेले कागद सात दिवसांत परत किंवा नष्ट, आणि तसं लेखी कळवायचं. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली पीडीएफ यात सगळ्यात आधी विसरली जाते, म्हणून ती व्हॉट्सअॅपवर पाठवूच नका.